अननोन-ब्लॉक(०,०): डिस्क शाबूत आहे, इनिटरॅमएफएस राहून गेलाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे, डिस्क एनव्हीएमई एसएसडी. तुम्ही लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१२ चा सोर्स उतरवला, 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' (फक्त लोड असलेली मॉड्यूल्स ठेवणारी कमांड) चालवलं, मग मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत, जाऊन 'नको ते' काढून टाकलं. कंपाइल नीट झालं, मॉड्यूल्स (लागतील तेव्हा लोड होणारे ड्रायव्हर वगैरे) इन्स्टॉल झाली. त्यानंतर एका व्हिडिओत बघून बीझेडइमेज, म्हणजे तयार कर्नलची फाइल, हाताने /बूट मध्ये कॉपी केली आणि 'अपडेट-ग्रब' मारलं, म्हणजे बूटलोडर ग्रबची यादी ताजी केली. रीस्टार्ट केल्यावर स्क्रीनवर आलं: 'कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. कुणीतरी सांगितलं म्हणून एएचसीआयचा ड्रायव्हर 'वाय' (मॉड्यूल नाही, थेट कर्नलच्या आत) केला, पुन्हा सगळं कंपाइल केलं, पुन्हा तेच. जुना कर्नल मात्र व्यवस्थित चालतो. आता तुम्ही विचारताय, एसएसडी गेली का, आणि उबुंटू पुन्हा टाकू का. कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायची तारीख जवळ आली आहे.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. त्याच डिस्कवरून जुना कर्नल उठतोय, म्हणजे डिस्क, पार्टिशन, फाइलसिस्टिम आणि ग्रब हे सगळं जागेवर आहे. बिघाड फक्त नव्या कर्नलच्या मांडणीत आहे, आणि बहुधा दहा मिनिटांचं काम आहे. पुन्हा कंपाइलसुद्धा करावं लागणार नाही. (खाली सगळ्या कमांड आणि पर्याय देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर ते नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगनेच टाका.)

आधी एक गोष्ट पक्की करू. 'कर्नल बूट होत नाही' हा एक बिघाड नाही, चार वेगवेगळे बिघाड त्या एका वाक्यात दडलेले असतात. कोल्हापूरहून सुटलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईला पोचली नाही तर आपण पहिल्यांदा हेच विचारतो, की गाडीने शेवटचं स्टेशन कुठलं सोडलं? मिरज, सातारा, का पुणे? तसंच इथे. ग्रब मेमरीत दोन फाइली आणून ठेवतो: एक कर्नल, म्हणजे व्हीएमलिनझ, आणि दुसरं इनिटरॅमएफएसचं गाठोडं, म्हणजे इनिटआरडी. कर्नल आधी स्वतःला उलगडतो, प्रोसेसर आणि मेमरी ताब्यात घेतो, मग ते गाठोडं सोडून मेमरीतच एक छोटी फाइलसिस्टिम उभी करतो. तिच्यात /इनिट नावाची स्क्रिप्ट असते. ती डिस्कचा ड्रायव्हर लोड करते, खरी रूट पार्टिशन शोधून माउंट करते आणि पुढचा कारभार सिस्टिमडीच्या, म्हणजे बाकीच्या सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती देते. ग्रब, कर्नल, इनिटरॅमएफएस, सिस्टिमडी: ही चार स्टेशनं. स्क्रीनवरची शेवटची ओळ कुणाची आहे हे कळलं की तीन शक्यता तिथेच गळून पडतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे ओळी दिसू द्या. ग्रबच्या यादीत नव्या कर्नलवर जाऊन 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीतून 'क्वायट स्प्लॅश' हे दोन शब्द खोडा आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० ने बूट करा. ग्रबची यादीच दिसत नसेल तर चालू होताना एस्केप दाबा. पॅनिक झाल्यावर वर स्क्रोल करता येत नाही, कारण कन्सोलची मागे सरकण्याची सोय ५.९ पासून कर्नलमधून काढली आहे. त्यामुळे मोबाईल स्क्रीनसमोर धरून सुरुवातीपासून व्हिडिओ घ्या आणि नंतर थांबवत थांबवत बघा. शेवटच्या दोन ओळींच्या फोटोवरून निदान क्वचितच होतं, खरी माहिती त्याच्या वरच्या वीस-तीस ओळींत असते.

आता तुमच्या पॅनिककडे. यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कर्नलला गाठोड्यात /इनिट सापडली, तर तो स्वतः रूट माउंट करायला जातच नाही, ते काम स्क्रिप्टवर सोडतो. तुमच्या स्क्रीनवर 'रूट माउंट करता आली नाही' असं खुद्द कर्नल म्हणतोय. याचा अर्थ एकच: त्याला /इनिट मिळालीच नाही. एकतर गाठोडं आलं नाही, किंवा आलं पण त्याला सोडता आलं नाही.

तुमच्या बाबतीत ते आलंच नाही अशी माझी खात्री आहे, कारण तुम्ही बीझेडइमेज हाताने कॉपी केली. इनिटरॅमएफएस आपोआप तयार होत नाही, कुणीतरी तो बनवावा लागतो. 'अपडेट-ग्रब' ला /बूट मध्ये 'व्हीएमलिनझ-अमुक' दिसलं की ते 'इनिटआरडी.आयएमजी-अमुक' शोधतं. नाही सापडलं तर काहीही न बोलता इनिटआरडीशिवायची एंट्री लिहून मोकळं होतं. शिवाय एक बदल करतं: 'रूट=यूयूआयडी=...' च्या जागी सरळ '/डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२' असं डिस्कचं नाव किंवा पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) घालतं, कारण यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा ओळखक्रमांक, ओळखणं हे इनिटरॅमएफएसचं काम आहे, एकट्या कर्नलला ते येत नाही. कर्नल ते नाव वाचतो, पण एनव्हीएमईचा ड्रायव्हर उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये 'एम' आहे, म्हणजे मॉड्यूल. ते मॉड्यूल पडलंय /लिब/मॉड्यूल्स मध्ये, त्याच डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं. एएचसीआय 'वाय' करून फरक पडला नाही याचं कारणही हेच. एएचसीआय हा साटा डिस्कचा ड्रायव्हर आहे, एनव्हीएमईशी त्याचा संबंध नाही.

खात्री करायची असेल तर त्याच 'ई' च्या पडद्यावर बघा. 'लिनक्स' च्या ओळीखाली 'इनिटआरडी' ने सुरू होणारी ओळ आहे का? नसेल तर निदान तिथेच झालं.

दुरुस्ती अशी करा. जुन्या कर्नलमध्ये बूट होऊन सोर्सच्या फोल्डरमध्ये जा. 'मेक -एस कर्नलरिलीज' चालवा. जे उत्तर येईल ते तुमच्या कर्नलचं खरं नाव, समजा '६.१२.०+'. शेवटच्या '+' कडे दुर्लक्ष करू नका. गिटमधून सोर्स घेतला की हे चिन्ह किंवा पुढे हॅश लागतो, आणि नाव एका अक्षराने चुकलं तरी मॉड्यूल्स सापडत नाहीत. /लिब/मॉड्यूल्स मध्ये नेमकं याच नावाचं फोल्डर आहे ना ते बघा. तुम्ही हाताने कॉपी केलेली फाइल /बूट मधून काढून टाका, नाहीतर यादीत दोन नोंदी दिसतील आणि गोंधळ होईल. 'डीएफ -एच /बूट' ने जागा तपासा. मग आधी 'सुडो मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल' आणि त्यानंतर 'सुडो मेक इन्स्टॉल'. क्रम हाच ठेवा, कारण इनिटरॅमएफएस बनताना मॉड्यूल्स जागेवर असावी लागतात. 'मेक इन्स्टॉल' हे नुसतं कॉपी करत नाही. ते सिस्टिममधल्या 'इन्स्टॉलकर्नल' ला बोलावतं, ते कर्नल, सिस्टिम.मॅप आणि कॉन्फिग /बूट मध्ये ठेवतं आणि /ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी मधल्या स्क्रिप्ट चालवतं. इनिटरॅमएफएस त्यातलीच एक स्क्रिप्ट बनवते, ग्रबची यादी दुसरी ताजी करते. व्हिडिओत कॉपी करायला सांगताना नेमकं हेच गाळलं गेलं.

'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' मुद्दाम लिहिलंय. उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये डीबग माहिती चालू असते. ती न काढता मॉड्यूल्स बसवली तर प्रत्येक फाइल फुगते आणि इनिटआरडी कित्येकशे एमबीची होते. मग एकतर /बूट भरतं आणि फाइल अर्धवट लिहिली जाते, किंवा ग्रबच 'आऊट ऑफ मेमरी' म्हणून थांबतो. डीबगिंग करायचं नसेल तर कॉन्फिगमध्येच 'डीबग_इन्फो_नन' निवडा. कंपाइल हलकं होतं आणि डिस्कवरची बरीच जीबी जागा वाचते.

रीस्टार्ट करण्याआधी तपासा. 'एलएस -एलएच /बूट/इनिटआरडी*' ने नवी फाइल जुन्याच्या जवळपासच्या आकाराची आहे का बघा. लोकलमॉडकॉन्फिगमुळे थोडी लहान असेल, ते ठीक. पण जुनी ७० एमबी आणि नवी ७ एमबी असेल तर काहीतरी राहिलंय. मग 'एलएसइनिटरॅमएफएस' ला त्या फाइलचं नाव देऊन 'ग्रेप एनव्हीएमई' करा. 'एनव्हीएमई.केओ' आणि 'एनव्हीएमई-कोअर.केओ' दिसायला हव्यात, शेवटी कॉम्प्रेशनची '.झेडएसटी' लागलेली असू शकते. या दोन ओळी दिसल्या की रीस्टार्ट करा.

एवढं करूनही (०,०) च आलं, तर बहुधा गाठोडं पोचलं पण सुटलं नाही. क्वायट काढलेल्या व्हिडिओत 'ट्राइंग टू अनपॅक रूटएफएस इमेज अॅज इनिटरॅमएफएस' ही ओळ शोधा. ती नसेल तर इनिटआरडी कर्नलपर्यंत गेलीच नाही, किंवा 'बीएलके_डेव्ह_इनिटआरडी' हाच पर्याय मेन्यूकॉन्फिगमध्ये उडाला. ती असेल आणि पाठोपाठ 'इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड' असेल, तर कॉम्प्रेशन बघा. उबुंटू गाठोडं झेडस्टँडर्डने दाबतं. 'नको ते' काढताना 'आरडी_झेडएसटीडी' काढलं असेल तर कर्नल ते उलगडू शकत नाही. हा पर्याय पुन्हा 'वाय' करा. तोवर काम चालवायचं असेल तर /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ मध्ये कॉम्प्रेस=जीझिप करून 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के' पुढे कर्नलचं नाव देऊन चालवा, पण 'आरडी_जीझिप' तरी शाबूत हवं. तिसरी शक्यता अर्धवट फाइलची. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांनी इन्स्टॉल झाल्यावर 'सिंक' मारल्याशिवाय मशीन सोडू नये. कंपाइल चालू असताना लाईट गेली असेल तर शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइली मागे राहू शकतात, अशा वेळी 'मेक क्लीन' करून पहिल्यापासून सुरू करा.

कंसातले आकडे वाचायला शिका, ते फार कामाचे आहेत. पहिला आकडा ड्रायव्हरचा, दुसरा डिस्क-पार्टिशनचा. (०,०) म्हणजे कर्नलला 'रूट=' मध्ये दिलेलं उपकरणच सापडलं नाही. (८,२) म्हणजे एसडीए२ सापडली, (२५९,२) म्हणजे साधारणपणे एनव्हीएमईची पार्टिशन सापडली, पण तिच्यावरची फाइलसिस्टिम वाचता आली नाही. तिथे ड्रायव्हर शोधत बसू नका, एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस बघा. पॅनिकच्या वर कर्नल त्याला दिसलेल्या पार्टिशनची यादीही छापतो. यादी रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हर आत नाही. यादीत तुमची पार्टिशन आहे पण 'रूट=' मध्ये यूयूआयडी आहे, तर इनिटरॅमएफएसशिवाय यूयूआयडी चालवण्याचा प्रयत्न झालाय.

इनिटरॅमएफएसशिवाय बूट करता येतं का? येतं. एनव्हीएमई आणि एक्स्ट४ दोन्ही 'वाय', सोबत 'डेव्हटीएमपीएफएस' आणि 'डेव्हटीएमपीएफएस_माउंट' 'वाय', आणि 'रूट=' मध्ये पार्टयूयूआयडी द्यायचा. डिस्क यूएसबीवर असेल तर 'रूटवेट' सुद्धा, कारण यूएसबी ओळखायला वेळ लागतो आणि कर्नल थांबत नाही. पण डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल किंवा रूट एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटून देणारी वेगळी पद्धत) असेल तर इनिटरॅमएफएस लागतोच. प्रोजेक्टच्या घाईत या वाटेला जाऊ नका. आधी तो ठेवूनच चालू करा, नंतर हवा तर काढा.

पुढचं स्टेशन. पॅनिक न होता '(इनिटरॅमएफएस)' असा प्रॉम्प्ट आला आणि वर 'अलर्ट! यूयूआयडी=... डझ नॉट एक्झिस्ट' असं लिहिलं असेल, तर ही प्रगती आहे. गाठोडं सुटलं, स्क्रिप्ट चालली, फक्त डिस्क मिळाली नाही. त्या प्रॉम्प्टवर बिझीबॉक्सचं शेल असतं. 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' ने रूट काय दिलंय बघा, 'एलएस /सिस/ब्लॉक' ने डिस्क दिसते का बघा, 'ब्लकआयडी' ने यूयूआयडी जुळवा. डिस्क दिसतच नसेल तर 'मॉडप्रोब एनव्हीएमई' करा. मॉड्यूल सापडलं नाही म्हणाला तर 'यूनेम -आर' आणि 'एलएस /लिब/मॉड्यूल्स' ही नावं जुळतात का पाहा, वर सांगितलेला '+' इथे उघडा पडतो. नावं जुळतात, मॉड्यूल लोडही होतं, तरी डिस्क नाही, अशा वेळी इंटेलचं व्हीएमडी आठवा. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत एनव्हीएमई डिस्क व्हीएमडी कंट्रोलरच्या मागे लपलेली असते. जुन्या कर्नलमध्ये 'एलएसपीसीआय' ला 'व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस' दिसलं तर कॉन्फिगमध्ये 'व्हीएमडी' हवाच. बायोसमधून व्हीएमडी बंद करण्याचा सल्ला मिळेल. त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल तर ते मग उठणार नाही, त्यामुळे कर्नलचा पर्याय चालू करणंच बरं.

ग्रबमध्येच 'बॅड शिम सिग्नेचर' आणि खाली 'यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट' आलं, तर कर्नल सुरूच झाला नाही. हे सिक्युअर बूट आहे: तुमच्या कर्नलवर सही नाही. 'मोकयूटिल --एसबी-स्टेट' ने चालू आहे का कळतं. स्वतःच्या लॅपटॉपवर शिकत असाल तर बायोसमध्ये जाऊन ते बंद करा, पण त्याच मशीनवर बिटलॉकर असलेलं विंडोज असेल तर आधी त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. सही करायची असेल तर स्वतःची की बनवून 'मोकयूटिल --इम्पोर्ट' ने नोंदवा आणि 'एसबीसाइन' वापरा. उबुंटूने डीकेएमएससाठी (नव्या कर्नलसाठी बाहेरचे ड्रायव्हर पुन्हा बांधणारी सोय) आपोआप बनवलेली की इथे चालत नाही, ती फक्त मॉड्यूल्सवर सही करण्यापुरती बनवलेली असते.

काळ्या स्क्रीनवर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. 'लोडिंग इनिशियल रॅमडिस्क' वर थांबल्यासारखं दिसतं, पण ती ओळ ग्रबची आहे. त्यानंतर कर्नल मेलाय की नुसता मुका झालाय, हे आधी ठरवा. कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो म्हणजे कर्नल जिवंत आहे, फक्त पडद्यावर लिहायला त्याच्याकडे काही नाही. दिवा आपोआप लुकलुकत राहिला तर ते पॅनिक. मिनिटभर थांबून दुसऱ्या मशीनवरून किंवा मोबाईलवरून एसएसएचने आत जाता येतं का तेही बघा. जिवंत पण मुका असेल तर 'व्हीटी_कन्सोल', 'फ्रेमबफर_कन्सोल' आणि 'डीआरएम_सिंपलडीआरएम' किंवा 'एफबी_ईएफआय' यांपैकी काय उडालं ते शोधा. ग्राफिक्स ड्रायव्हरचा संशय असेल तर 'नोमोडसेट' घालून बूट करा. अगदी सुरुवातीलाच मरत असेल तर 'अर्लीकॉन=ईएफआयएफबी' आणि 'इग्नोर_लॉगलेव्हल' हे दोन्ही 'लिनक्स' च्या ओळीत घाला, पहिल्यासाठी कॉन्फिगमध्ये 'ईएफआय_अर्लीकॉन' हवं.

इथेच एक चूक सांगतो, कारण ती 'वेग वाढावा' म्हणून मुद्दाम केली जाते. आय९१५ किंवा एएमडीजीपीयू ड्रायव्हर 'एम' वरून 'वाय' करू नका. या ड्रायव्हरना फर्मवेअरच्या फाइली लागतात आणि त्या /लिब/फर्मवेअर मध्ये असतात. ड्रायव्हर कर्नलच्या पोटात असला की तो अनेकदा त्या फाइली हाताशी येण्याआधीच उठतो, फर्मवेअर मिळत नाही आणि स्क्रीन काळी होते. मॉड्यूल ठेवलं की हा प्रश्नच येत नाही. एनव्हीडियाचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर नव्या कर्नलसाठी तो डीकेएमएसने पुन्हा बांधला गेलाय का, 'डीकेएमएस स्टेटस' ने बघा.

शेवटचं स्टेशन सिस्टिमडी. नव्वद सेकंद वाट बघून 'यू आर इन इमर्जन्सी मोड' आलं की लोक घाबरतात, पण तुम्ही जवळजवळ घरी पोचलात. रूटचा पासवर्ड देऊन किंवा एंटर दाबून आत जा आणि 'जर्नलसीटीएल -एक्सबी' मध्ये लाल ओळी बघा. कॉन्फिग छाटलेल्या कर्नलवर इथे एकच गुन्हेगार पुन्हा पुन्हा सापडतो: /बूट/ईएफआय. ती व्हीफॅट पार्टिशन असते. 'फॅट-एफएस: आयओ चारसेट आयएसओ८८५९-१ नॉट फाउंड' अशी ओळ असेल तर 'एनएलएस_आयएसओ८८५९_१' आणि 'एनएलएस_कोडपेज_४३७' हे दोन पर्याय परत आणा. अक्षरांचा एक तक्ता गेल्यामुळे अख्खी सिस्टिम थांबते.

'अटेम्प्टेड टू किल इनिट' आणि पुढे 'एक्झिटकोड=०एक्स००००७एफ००' असेल तर तो आकडाही वाचा. ७एफ म्हणजे १२७: इनिटला, म्हणजे कर्नलने चालवलेल्या पहिल्या प्रोग्रॅमला, लागणारी लायब्ररी किंवा प्रोग्रॅम मिळाला नाही. शेवटी ०बी असेल तर सिग्नल ११, म्हणजे मेमरीत चुकीच्या जागी हात गेला. 'फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट, एरर -८' असेल तर बहुतेक 'बिनएफएमटी_स्क्रिप्ट' काढलंय. /इनिट ही शेलची स्क्रिप्ट असते, कर्नलला स्क्रिप्ट चालवता येत नसेल तर ती निरुपयोगी.

हे सगळं छाटणीतून उद्भवतं, म्हणून छाटणीबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. पहिल्या फेरीत मेन्यूकॉन्फिगला हात लावू नका. '/बूट/कॉन्फिग-' पुढे चालू कर्नलचं नाव असलेली फाइल '.कॉन्फिग' म्हणून कॉपी करा, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' करा, 'सिस्टिम_ट्रस्टेड_कीज' आणि 'सिस्टिम_रिव्होकेशन_कीज' रिकामे करा, नाहीतर उबुंटूच्या सर्टिफिकेटच्या फाइली नाहीत म्हणून कंपाइलच अडतं. तसाच कर्नल बांधा आणि तो उठतोय याची खात्री करा. तो तुमचा पाया. लोकलमॉडकॉन्फिग त्याच्यानंतर. ते त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्सच ठेवतं. म्हणून चालवण्याआधी पेनड्राइव्ह लावून उघडा, वाय-फाय आणि ब्लूटूथ जोडा, मोबाईलचं टेदरिंग एकदा चालू करा, एचडीएमआयला प्रोजेक्टर किंवा टीव्ही लावा. प्रोजेक्ट दाखवताना प्रोजेक्टरच चालला नाही असं व्हायला नको. आणखी सुरक्षित मार्ग म्हणजे 'मेक एलएमसी_कीप="ड्रायव्हर्स/यूएसबी:ड्रायव्हर्स/जीपीयू:एफएस" लोकलमॉडकॉन्फिग'. यात त्या तीन फोल्डरांतलं काही छाटलं जात नाही, थोडा वेळ जास्त लागतो, पण फाइलसिस्टिम आणि एनएलएसचा घोळ टळतो. पुढे हाताने काढायचं असेल तर एका वेळी एकच विभाग, आणि प्रत्येक वेळी '.कॉन्फिग' ची प्रत तारीख घालून ठेवा. बिघडलं की दोन प्रतींना 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग' लावलं की काय गेलं ते ओळीओळीने दिसतं. माझ्या मते कर्नल शिकणाऱ्याने पहिल्या आठवड्यात शिकावी अशी ही एकच कमांड आहे.

दर वेळी खरं मशीन रीस्टार्ट करायची गरज नाही, क्यूइमू या आभासी मशीनमध्ये तपासता येतं. 'क्यूइमू-सिस्टिम-एक्स८६_६४' ला '-कर्नल' ने बीझेडइमेज, '-इनिटआरडी' ने नवं गाठोडं, '-अपेंड "कन्सोल=टीटीवायएस०"', '-नोग्राफिक' आणि '-एम २जी' द्या. डिस्क दिली नाही म्हणून तो शेवटी '(इनिटरॅमएफएस)' प्रॉम्प्टवर थांबेल, तेच हवंय. कर्नल उठतो, गाठोडं सुटतं आणि स्क्रिप्ट चालते हे मिनिटभरात सिद्ध झालं. तुमच्या लॅपटॉपच्या डिस्कचे आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर मात्र यात तपासले जात नाहीत.

खऱ्या मशीनवर चाचणी करताना जुना कर्नल डिफॉल्ट ठेवा. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' करा आणि 'अपडेट-ग्रब' मारा, मग 'ग्रब-सेट-डिफॉल्ट' ने जुना नेमा आणि 'ग्रब-रीबूट' ने फक्त पुढच्या एका बूटसाठी नवा. नव्याच्या ओळीत 'पॅनिक=१०' घाला. पॅनिक झालं तर दहा सेकंदांनी मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि जुन्या कर्नलवर परत येतं. लॅबमधल्या मशीनवर घरून काम करणाऱ्यांना याचा खूप उपयोग होतो. /बूट बीटीआरएफएस किंवा एलव्हीएमवर असेल तर यावर विसंबू नका. ग्रबला तिथे लिहिता येत नाही, त्यामुळे 'पुढच्या एका वेळी' ही नोंद पुसली जात नाही आणि मशीन पुन्हा पुन्हा त्याच कर्नलवर जातं. पूर्ण गोठलेल्या कर्नललाही 'पॅनिक=१०' वाचवत नाही, तिथे पॉवर बटणच.

कर्नल पुन्हा पुन्हा बांधणार असाल तर 'मेक बिनडेब-पीकेजी' ची सवय लावा. आधी 'डेबहेल्पर' आणि 'आरसिंक' ही पॅकेजं लागतात. यातून डेब फाइली मिळतात, 'डीपीकेजी -आय' केलं की इनिटरॅमएफएस आणि ग्रब दोन्ही आपोआप होतं, आणि नको झालेला कर्नल 'एपीटी पर्ज' ने स्वच्छ निघतो. /बूट मध्ये हाताने काही ठेवायची वेळ येत नाही.

तर आज रात्री एवढंच करा: 'ई' दाबून इनिटआरडीची ओळ आहे का बघा, नसेल तर मॉड्यूल्स_इन्स्टॉल, मेक इन्स्टॉल, एलएसइनिटरॅमएफएसने खात्री, मग रीस्टार्ट. तरीही अडलं तर 'ई' च्या पूर्ण पडद्याचा फोटो, क्वायट काढलेल्या बूटचा व्हिडिओ, 'मेक -एस कर्नलरिलीज' आणि 'एलएस -एलएच /बूट' चं उत्तर, आणि तुमची '.कॉन्फिग' फाइल टाका.